यथासांग पालोमा

(इशारा : हा मजकूर आधी संपूर्ण वाचावा, मग बाटली उघडावी. ज्यांनी उलट क्रम धरला, त्यांच्यापैकी कोणी पाचव्या पायरीपुढे पोचल्याचं ऐकिवात नाही.)

पालोमा हे मेक्सिकोतलं पेय. उंच ग्लास, भरपूर बर्फ, टकिला, लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि वरून ग्रेपफ्रूटचा फसफसता सोडा. झाली कृती. ज्यांना खरोखर तहान लागली आहे त्यांनी इथूनच उठून स्वयंपाकघराकडे वळावं. बाकीच्यांसाठी, म्हणजे ज्यांच्याकडे शनिवारी बारा माणसं यायची आहेत, ज्यांनी ‘या वेळी काहीतरी वेगळं करू’ असं भर ग्रुपवर लिहून टाकलं आहे आणि ज्यांच्या साडूभाऊंना दारूतलं सगळं कळतं, त्यांच्यासाठी पुढचा प्रपंच.

पायरी पहिली : निमित्त

निमित्ताशिवायही पालोमा करता येतो, पण मग त्याला समारंभ न म्हणता सवय म्हणतात. मेक्सिकोत निमित्तांना तोटा नाही. १५ सप्टेंबरच्या रात्री तिथले राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जात येऊन घंटा वाजवतात, देशाचा जयजयकार करतात आणि खालच्या चौकात लोटलेली गर्दी तो जयजयकार उचलून धरते. १८१० साली मिगेल इदाल्गो नावाच्या पाद्र्याने दोलोरेस गावात लोकांना स्पेनविरुद्ध उठवलं, त्याची ही आठवण. स्वातंत्र्यदिन म्हणजे त्याचा दुसरा दिवस, १६ सप्टेंबर. ५ मे नव्हे. ५ मे १८६२ रोजी मेक्सिकन फौजेने पुएब्लाजवळ फ्रेंचांना धूळ चारली, आणि त्या विजयाच्या नावाने टकिला जास्त रिचवतात ते शेजारचे अमेरिकन. साडूभाऊ ५ मे हाच स्वातंत्र्यदिन म्हणून सांगणार. सांगू द्या. त्यांना अडवण्याची जागा पुढे आहे.

आपल्याकडे थर्टीफर्स्ट आहे, गटारी आहे, आणि मुंबईत राहत असाल तर रीडेव्हलपमेंटच्या कागदावर शेवटच्या सभासदाने सही करण्याचा दिवस आहे. यातला शेवटचा प्रसंग आयुष्यात एकदाच येतो आणि बऱ्याच जणांच्या येतही नाही, तेव्हा त्याच्यावर विसंबू नका. कुठलंही निमित्त धरा, पण त्या दिवशी ड्राय डे नाही ना, हे आधी कॅलेंडरवर पाहून घ्या. गांधीजयंतीला जोडून आलेल्या सुट्ट्यांनी भल्याभल्या यजमानांना नुसतं लिंबू-सोड्यावर आणलं आहे.

पायरी दुसरी : परवाना

ही पायरी सगळे गाळतात. महाराष्ट्रात अठराव्या वर्षी मत देता येतं, मुलग्याला एकविसाव्या वर्षी बोहल्यावर चढता येतं, टकिला मात्र पंचविसाव्या वर्षाआधी पिता येत नाही. म्हणजे राज्य चालवणारे निवडणं आणि संसार चालवणं, ही त्यामानाने सोपी कामं आहेत. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. तो एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि आजीवही मिळतो. एक दिवसाच्या परवान्याचे पाच रुपये. समारंभाच्या अंदाजपत्रकात हे पाच रुपये सहसा कोणी धरत नाही. धरा.

पायरी तिसरी : बाटली

मराठी माणसाला टकिला भेटते ती बहुधा एखाद्या पबमध्ये, दुसऱ्याच्या पैशाने, हातावरचं मीठ चाटून, डोळे मिटून एका घोटात आणि वर लिंबाची फोड दातात धरून. एवढा बंदोबस्त केल्यावर तिची चव कशी असते हे कळायला वावच राहत नाही. जिथे ती तयार होते त्या हालिस्को राज्यात चांगली टकिला सावकाश घोट घेत पितात, सोबत संत्र्या-लिंबाच्या रसाची तिखटसर सांग्रिता घेऊन. तेव्हा पबमधलं शिक्षण विसरून वाइन शॉपच्या काउंटरवर उभे राहा.

लेबलावर ‘१०० टक्के अगावे’ हे शब्द शोधा. ते नसतील तर ती टकिला ‘मिक्स्तो’ प्रकारची. तिच्यात किमान ५१ टक्के साखर अगावेची असावी लागते, उरलेली दुसरी कुठलीही चालते, उसाचीसुद्धा. आता उसाची दारू मेक्सिकोहून मागवावी इतके वाईट दिवस महाराष्ट्रावर अजून आलेले नाहीत. लेबलावरच ‘नोम’ या अक्षरांपुढे एक चार आकडी क्रमांक असतो, तो ती ज्या कारखान्यात गाळली त्याचा. पाहुण्यांसमोर बाटली फिरवून हा क्रमांक मनातल्या मनात वाचावा, हलकेच मान डोलवावी आणि गप्प बसावं. याहून स्वस्तात जाणकार होता येत नाही.

पालोम्याला ब्लांको घ्यायची, म्हणजे पिंपात न मुरवलेली, पाण्यासारखी स्वच्छ. निदान दोन महिने लाकडी पिंपात राहिलेली रेपोसादोही चालेल. वर्षभर किंवा त्याहून जास्त मुरलेली अन्येहो घेऊ नका. तिच्या किमतीत जे काही मुरलेलं असतं ते ग्रेपफ्रूट आणि सोडा मिळून दोन मिनिटांत झाकून टाकतात, आणि ते झाकलं गेल्याचं दुःख फक्त तुम्हाला होतं, कारण बिल तुम्ही भरलेलं असतं.

बाटलीत अळी शोधू नका. ती मेझ्कालच्या काही बाटल्यांत असते. टकिलात सापडली तर दुकानदाराकडे जा.

अगावे म्हणजे निवडुंग, हा समजही सोडा. ती शतावरीच्या कुळातली वनस्पती आहे. ही माहिती आत्यांसमोर देऊ नये. शतावरी कल्पावर त्यांची श्रद्धा असते आणि त्या दुसरा ग्लास औषध म्हणून मागतात. आपल्याकडे माळावर आणि शेताच्या बांधावर जे घायपात दिसतं, ज्याच्या पानांचे दोर वळतात, तेही अगावेच. मूळचं अमेरिकेकडचं, आपल्याकडे येऊन कुंपणाला लागलेलं. पण टकिलाला लागते ती निळसर पानांची वेबर जातीची अगावे, आणि ती शेतात सहा-सात वर्षं, कधी त्याहूनही जास्त, वाढू द्यावी लागते. मग हिमादोर नावाचा कसबी मजूर लांब दांड्याच्या, गोल पात्याच्या कोआने एकेक पान छाटतो. खाली उरतो तो गड्डा, पिन्या. चाळीस-पन्नास किलोचा सहज भरतो. तो भट्टीत शिजवला की गोड होतो, मग त्याचा रस काढायचा, आंबवायचा आणि दोनदा गाळायचा. हे सगळं वाचून ज्यांना बांधावरच्या घायपाताकडे बघून कल्पना सुचत असेल, त्यांनी ही पायरी पुन्हा पहिल्यापासून वाचावी आणि मग दुसरीही वाचावी.

१९७४ पासून टकिला हे नाव कायद्याने राखीव आहे. हालिस्को राज्यात आणि आणखी चार राज्यांच्या ठरावीक भागांत झाली तरच ती टकिला. २००६ साली युनेस्कोने तिथली अगावेची शेतं आणि जुने कारखाने जागतिक वारसा यादीत घातले. दख्खनच्या पठारावरच्या अगावेपासून भारतातही दारू गाळली जाते, डेस्मंडजी नावाने ती मिळते, पण तिला टकिला म्हणता येत नाही. पालोम्यात ती बिनदिक्कत चालते. साडूभाऊंना लेबल दाखवू नका, म्हणजे झालं.

पायरी चौथी : आंबट फळं आणि सासऱ्यांची गोळी

लिंबाचं अगदी सोपं आहे. बाजारात मिळणारं आपलं कागदी लिंबू आणि ज्याला इंग्रजी पुस्तकांत मेक्सिकन लाइम म्हणतात ते, ही एकच जात आहे. ती मूळची आशियातली. अरबांनी पश्चिमेला नेली, स्पॅनिशांनी समुद्रापार. तेव्हा कोणी परदेशातून आलेल्या भाच्याने ‘इथे ते ऑथेंटिक लाइम मिळत नाही’ असं म्हटलं, तर त्याला कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे पिटाळा.

ग्रेपफ्रूट अवघड आहे. हे फळ कोणी मुद्दाम लावलं नाही. अठराव्या शतकात वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर पपनस आणि संत्रं या दोघांचा आपसूक संकर झाला आणि हे कडवट पोर जन्माला आलं. मेक्सिकोत ग्रेपफ्रूटच्या चवीचा गोड सोडा बाटलीतच मिळतो. त्यातला सगळ्यात नाव कमावलेला म्हणजे स्क्वर्ट, जो १९३८ साली अमेरिकेतल्या ॲरिझोनात निघाला आणि १९५० च्या दशकात मेक्सिकोत पोचला. पालोम्याचा शोध प्राचीन अझ्टेक राजांनी लावला, असं कोणी सांगू लागलं तर हे साल लक्षात असावं.

आपल्याकडे हा सोडा क्वचितच सापडतो. मोठ्या शहरांतल्या मोठ्या दुकानांत आयात केलेलं ग्रेपफ्रूट मिळतं, तेही एकेकटं, कागदात गुंडाळून, सोन्याच्या भावात. म्हणून घराण्यातल्या मूळ पुरुषाकडे जावं. पपनस घ्या. रस थोडा कमी कडू निघेल, पण गुलाबी गराचं मिळालं तर ग्लासातला रंगही साजरा दिसतो. सोलताना पांढरी जाड साल आणि पाकळ्यांवरचा पापुद्रा सगळा काढा, कारण कडूपणाचा मोठा साठा तिथेच असतो. मिक्सरमध्ये फिरवू नका, हाताने पिळून गाळा. गणपतीत माटोळीला टांगलेलं पपनस मात्र काढून आणू नये. विसर्जनापर्यंत थांबा.

आता सासऱ्यांची गोळी. गंमत बाजूला ठेवून वाचण्याचा हा एकच भाग आहे. कॅनडातले संशोधक डेव्हिड बेली रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लोकांना ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी ती ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळली. निकाल आले तर औषधाची रक्तातली पातळी अपेक्षेच्या कैक पट वर! दोष दारूचा नव्हताच. ग्रेपफ्रूटमधली द्रव्यं आतड्यातल्या एका विकराला निकामी करतात, औषध तिथे मोडायचं ते मोडत नाही आणि नेहमीपेक्षा बरंच जास्त रक्तात उतरतं. हे १९८९ साली छापून आलं. तेव्हापासून रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ सिमव्हास्टॅटिन, यांच्या सोबतच्या कागदावर ग्रेपफ्रूट टाळा असं लिहिलेलं असतं. पपनसातही तीच द्रव्यं आहेत. थोडक्यात, जगात पहिल्यांदा हा धोका सापडला तोच मुळी दारू आणि ग्रेपफ्रूट एकत्र केल्यामुळे, म्हणजे जवळजवळ पालोमा केल्यामुळे. साठीपुढच्या प्रत्येक पाहुण्याला ‘कुठली गोळी चालू आहे?’ हा प्रश्न ग्लास हातात देण्याआधी विचारा. मराठी घरात या प्रश्नाने कोणी दुखावत नाही, उलट गप्पांना विषय मिळतो. फक्त उत्तर ऐकायला अर्धा तास हाताशी ठेवा. ज्यांना वर्ज्य आहे त्यांना लिंबू, सोडा आणि मीठ द्या, उंच ग्लासात, तेवढ्याच मानाने.

लिंबाबद्दल आणखी एक. गच्चीवर भर उन्हात बसून लिंबं पिळू नका. रस लागलेल्या हातावर ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि डाग बरेच दिवस जात नाहीत. लिंबं आत पिळा, हात धुवा, मग गच्चीवर जा.

पायरी पाचवी : मीठ

साधं मीठ. चिमूटभर ग्लासात, किंवा ग्लासाच्या काठाला लिंबाची फोड फिरवून बशीतल्या मिठावर टेकवलेलं, आणि तेही अर्ध्याच काठाला, म्हणजे ज्यांना नको ते दुसऱ्या बाजूने पितील. मीठ शोभेचं नाही. ते जिभेला कडूपणा कमी जाणवू देतं, म्हणून फळ जास्त गोड लागतं. आपल्या आज्या पपनसाच्या फोडींना तिखट-मीठ लावत आल्या ते काही उगाच नाही. मेक्सिकोतही काठाला तिखट, लिंबू आणि मीठ यांची पूड लावतात, तेव्हा घरातलं तिखट-मीठ लावायला हरकत नाही. चाट मसाला लावलात तर ते पेय पालोमा राहणार नाही. चांगलं लागेल, ही त्यातली अडचण.

पायरी सहावी : गारठा

नवशिक्यांचा पालोमा बिघडतो तो टकिलामुळे नव्हे, कोमट सोड्यामुळे. थंड पाण्यात वायू जास्त राहतो, कोमट पाण्यातून तो पळ काढतो. म्हणून सोडा आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये, ग्लासही तासभर आधी फ्रिजमध्ये आणि बर्फ मोठ्या खड्यांचा. बारीक बर्फ पटकन वितळून पेय पाणचट करतो. बारा माणसांना बर्फ फ्रिजच्या दोन ट्रेंत होत नाही, तो विकत आणावा लागतो, आणि हे दर वेळी रात्री नऊ वाजता लक्षात येतं. आत्ताच लिहून ठेवा.

शेकर विकत आणला असेल तर तो शोकेसमध्ये ठेवा. सोडा घालून शेकर हलवणं म्हणजे छतावर नक्षी काढणं.

पायरी सातवी : जोडणी

ग्रेपफ्रूटचा सोडा मिळाला असेल तर साठ मिली टकिला, एका लिंबाचा म्हणजे साधारण पंधरा मिली रस, मीठ, बर्फ आणि वर एकशेवीस मिली सोडा. नसेल मिळाला तर सोड्याच्या जागी साठ मिली ग्रेपफ्रूटचा किंवा पपनसाचा रस, साखर-पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक पंधरा मिली आणि नव्वद मिली साधा सोडा. आधी टकिला, रस, पाक आणि मीठ ढवळून घ्या, म्हणजे मीठ विरघळेल. मग काठोकाठ बर्फ. सोडा सगळ्यात शेवटी, ग्लास थोडा तिरका धरून, बारीक धारेने. लांब चमच्याने एकदाच खालून वर. दोनदा नको. तुम्ही ढवळत राहिलात तर फसफस पाहुण्यांच्या ऐवजी तुमच्या देखत संपते.

साठ मिली म्हणजे आपल्या भाषेत एक लार्ज. पालोमा गोडसर, गार आणि सरबतासारखा सोज्वळ दिसतो, त्यामुळे ‘यात काही विशेष नाही’ म्हणत माणसं तिसऱ्या ग्लासाशी पोचतात आणि विशेष काय होतं ते उठताना कळतं. साडेसातशे मिलीच्या बाटलीत असे बारा ग्लास होतात. बारा माणसं, बारा ग्लास, आणि दुसरी बाटली कपाटात, अशी व्यवस्था ठेवावी. कपाटाची किल्ली न पिणाऱ्या माणसाकडे. गाडीच्या किल्ल्याही त्याच्याचकडे.

मातीची भांडी हाताशी असतील तर हाच खेळ वेगळ्या थाटात करता येतो. हालिस्कोत, टकिला गावाशेजारच्या अमातितानला, तोच मसाला मातीच्या घटात देतात, त्याला कांतारितो म्हणतात. त्यात संत्र्याचाही रस असतो. घट आधी पाण्यात बुडवून ठेवायचा. का, ते माठातलं पाणी प्यालेल्या वाचकाला समजावण्याची गरज नाही.

पायरी आठवी : साडूभाऊ

पहिला ग्लास त्यांच्या हातात द्या. ते एक घोट घेतील, ग्लास उजेडात धरतील आणि म्हणतील, ‘ठीक आहे, पण ओरिजिनल असं नसतं.’ याच क्षणासाठी आपण एवढं वाचलं. त्यांना शांतपणे विचारा, ओरिजिनल कोणाचं?

कारण पालोमा पहिल्यांदा कोणी केला हे कोणालाच ठाऊक नाही. टकिला गावात ला कापिया नावाचा छोटा, जुना बार आहे. त्याचे मालक हाविएर देल्गादो कोरोना यांच्या नावावर लोक हे श्रेय वर्षानुवर्षं टाकत राहिले आणि ते स्वतः नाकारत राहिले. त्यांचं स्वतःचं पेय वेगळं होतं. त्याचं नाव बातांगा. टकिला, लिंबू, कोला आणि काठाला मीठ. ढवळायला चमचा नाही, ज्या लांब सुरीने लिंबं कापायचे तीच सुरी. २०२० साली ते गेले. आपल्याकडे शोध न लावलेल्या गोष्टींचं श्रेय घेणारे पुष्कळ, गळ्यात पडलेलं श्रेय परत करणारा माणूस विरळा. तर ज्या पेयाला जनकच नाही, त्याची अस्सल प्रत कुठल्या कपाटात मिळणार? एवढं बोलून त्यांच्याच ग्लासात दोन बर्फाचे खडे टाका आणि बातांगाची सुरी कोणती होती, यावर चर्चा वळवा. सुऱ्यांतलंही त्यांना कळतं.

पायरी नववी : चखणा

खारे शेंगदाणे, काकडीच्या तिखट-मीठ लावलेल्या फोडी, कोलंबी तळलेली. चकली चालेल. चिवडा नको, तो मुठीने खातात, मग त्याच हाताने बर्फ घेतात आणि ग्लासात कढीपत्ता तरंगतो.

पायरी दहावी : दुसरा दिवस

उरलेल्या सोड्याचं झाकण घट्ट लावलं असलं तरी तो मेलेला असतो, ओतून द्या. अर्धं पपनस उरलं असेल तर न्याहारीला खा, गोळ्या नसतील तर. पिळलेल्या लिंबांच्या साली टाकू नका. बशीत उरलेलं मीठ त्यांना लावून तांब्याची भांडी घासा, लख्ख निघतात. सासूबाईंना या सगळ्या प्रकरणात पटलेली तेवढी एकच गोष्ट असेल, तेव्हा ती त्यांच्यादेखत करावी.